‘लेट’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

बालाघाटच्या बसस्थानकावर, राजेगावच्या पुलापलीकडे गोंदियाच्या फलाटावर, वारासिवनीच्या बाजारात किंवा लांजीकडच्या एखाद्या लग्नमंडपात थोडा वेळ कान देऊन उभे राहावे. मराठी माणूस दहा-पंधरा मिनिटे उशीर करतो, यात नवे काही नाही. नवे आहे ते असे, की त्या उशिराची हकिकत तो आता मराठीत सांगत नाही. ‘थोडा लेट झालो’, ‘ऑन द वे आहे’, ‘फक्त टू मिनिट्स’, ‘ट्रॅफिकमध्ये अडकलो’, ‘सॉरी फॉर द डिले’ ही पाच-सहा वाक्ये पाठ असली की कुठल्याही उशिराचे काम भागते. आमच्या गावात ट्रॅफिक म्हणजे फार तर बंद पडलेले रेल्वे फाटक आणि फाटकापाशी थांबलेले चार ट्रक. तरीही निमित्त ट्रॅफिकचेच.

वाचक म्हणतील, मास्तरांना दुसरा उद्योग नाही. सीमेवरच्या मराठीपुढे मोठमोठे प्रश्न उभे आहेत. शाळा नाहीत, शिक्षक नाहीत, पुस्तके वेळेवर पोचत नाहीत. अशा वेळी ‘लेट’ या दोन अक्षरांवर रकाने कशाला भरायचे? आमचे म्हणणे असे, की मोठे प्रश्न मोठ्या सभांत मांडले जातात आणि भाषा मात्र लहान वाक्यांत जगते. दिवसातून दहा वेळा तोंडी येणारे वाक्य ज्या भाषेतले, ती माणसाची भाषा. थोडासा उशीर आणि त्याची समजूत घालणे हा असाच रोजचा व्यवहार आहे. म्हणून तो तपासून पाहण्याजोगा आहे.

एका शब्दाने किती शब्द गिळले?

वर्गात आम्ही फळ्यावर तीन वाक्ये लिहितो. ‘मला उशीर झाला.’ ‘मी उशीर केला.’ ‘त्याने उशीर लावला.’ मग मुलांना विचारतो, तिन्हींचा अर्थ एकच का? पहिल्या वाक्यात उशीर आपोआप घडला. सायकल पंक्चर झाली असेल, पाऊस आला असेल. दुसऱ्यात बोलणारा दोष स्वतःकडे घेतो. तिसऱ्यात दुसऱ्या कुणी तरी आपले काम लांबवले, अशी तक्रार आहे. झाला, केला, लावला एवढ्या तीन क्रियापदांत मराठीने जबाबदारीची वाटणी करून ठेवली आहे. ‘लेट झालो’ म्हटले की ही वाटणी पुसली जाते. दोष कुणाचा, ते कळत नाही आणि कुणी विचारतही नाही.

‘टाइम’चेही तेच. मराठीत ‘ती वेळ’ आणि ‘तो वेळ’ असे दोन शब्द आहेत, हे आम्ही मोठ्या माणसांनाही आठवण करून देतो. ‘गाडीची वेळ झाली’ म्हणजे ठरलेला क्षण आला. ‘गाडीला वेळ लागला’ म्हणजे अवधी गेला. ‘वेळ टळली’ आणि ‘वेळ गेला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुहूर्ताची वेळ टळते. गप्पांत वेळ जातो. केवळ लिंग बदलून एवढा सूक्ष्म भेद दाखवणारी सोय आपल्या हाताशी असताना आपण ‘टाइम झाला’ आणि ‘टाइम लागला’ म्हणून मोकळे होतो. मग मुलांना दोन्ही ‘वेळ’ एकच वाटू लागतात आणि ‘माझी वेळ गेला’ अशी वाक्ये वहीत येतात. शिक्षकाने लाल शाईने किती खुणा कराव्यात?

पुढे चला. उशीर सगळे एका जातीचे नसतात. काम येत असून आज नको, उद्या पाहू म्हणणे ही चालढकल. मुळात करायचेच नाही म्हणून कारणे सांगणे ही टाळाटाळ. समोरच्याला कंटाळा येईपर्यंत लांबवणे हा वेळकाढूपणा. हात चालतात पण मन नाही, ती टंगळमंगळ. कचेरीत कागद पडून राहणे ही दिरंगाई. वाटेत पाय घुटमळणे हे रेंगाळणे. सुरू झालेले काम मध्येच पडून राहणे हे रखडणे. एकामुळे दहांचे अडणे हा खोळंबा. आणि काम होऊन गेल्यावर धावत येणे याला तर आपल्याकडे ‘वरातीमागून घोडे’ आणि ‘बैल गेला अन् झोपा केला’ अशा दोन-दोन म्हणी आहेत. ‘डिले’ म्हटले की हे सारे एका पोत्यात कोंबले जाते. टाळाटाळ करणाऱ्याला आणि पंक्चर झालेल्याला एकच शब्द लावला, तर अन्याय पंक्चर झालेल्यावर होतो.

थांबणाऱ्याचे काय?

याहून मोठी गोष्ट आम्हाला वाटते ती अशी. ‘मी लेट आहे’ या वाक्यात फक्त उशीर करणारा दिसतो. त्याची वाट पाहत जो उभा आहे, तो त्या वाक्यात कुठेच नाही. मराठीचे लक्ष मात्र या दुसऱ्या माणसाकडे फार असते. उभे राहून पाय दुखेपर्यंत थांबणे म्हणजे ताटकळणे. मोठ्या माणसाच्या दारी थांबणे म्हणजे तिष्ठणे. आपले काम सोडून अडकून पडणे म्हणजे खोळंबणे. आईने मुलाची वाट पाहणे म्हणजे डोळ्यांत प्राण आणणे. थांबण्याच्या दुःखाला इतकी नावे आहेत, याचा अर्थ ती देणाऱ्यांनी थांबणाऱ्याचा विचार केला होता.

‘तुम्हाला ताटकळत ठेवले’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समोरच्याचे दुखरे पाय असतात. ‘सॉरी, लेट झालो’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचे घड्याळ असते. म्हणून आम्ही म्हणतो, शब्द बदलला की शिष्टाचारही बदलतो. मुलगा पुण्याला किंवा नागपूरला नोकरीत आहे, सुटीत येणार आहे, आजी ओसरीवर बसली आहे. ‘ऑन द वे’ हा निरोप तिला कुणी तरी वाचून दाखवतो. तो मुलगा घरातून निघाला, गोंदियाला उतरला की कुठे फाटकापाशी उभा आहे, हे तिला त्यातून कळत नाही. ‘निघालो’, ‘गोंदिया सोडले’, ‘पोचतोच’ यांतला प्रत्येक शब्द तिला कळला असता आणि तांदूळ केव्हा धुवायचे तेही कळले असते.

‘आलोच’ची गंमत

लहानशा उशिरासाठी मराठीने काढलेली सर्वांत सुंदर युक्ती म्हणजे ‘आलोच’. माणूस अजून घरातच आहे, चपलाही घातलेल्या नाहीत, पण तो म्हणतो ‘आलोच’. क्रियापद भूतकाळी, काम भविष्यातले आणि शेवटी ठामपणाचा ‘च’. म्हणजे, माझे येणे इतके नक्की आहे की ते झालेच असे समजा. ‘निघालोच’, ‘आणलेच’, ‘झालेच बघा’ ही त्याचीच भावंडे. आमच्याकडचा माणूस ‘येऊनच रायलो जी’ म्हणतो. त्यातला ‘जी’ हा समोरच्याचा मान आणि ‘येऊन रायलो’ ही या मुलखाची खूण. पुण्याच्या माणसाला ती हिंदीची छाप वाटेल. आम्हाला ती दोन भाषांच्या शेजाराची खूण वाटते.

अंथरुणात पडल्या-पडल्या ‘आलोच’ म्हणणारे महाभाग आपल्याकडे काही कमी नाहीत, हे आम्ही जाणतो. खोटे बोलायला मराठीही चालते. पण ‘आलोच’ म्हणून अर्ध्या तासाने आलेल्याला ‘काहून उशीर केला जी?’ असे विचारता येते, कारण त्याने शब्द दिलेला असतो. ‘ऑन द वे’ म्हणणाऱ्याने शब्द दिलेला नसतो, फक्त आपला ठावठिकाणा कळवलेला असतो, आणि तोही पुष्कळदा खरा नसतो.

घटका, पळ आणि दोन मिनिटे

इंग्रजी आकड्याला अचूकपणाचा मान आहे. म्हणून ‘टू मिनिट्स’ म्हटले की नेमके बोलल्यासारखे वाटते. आता आपल्या जुन्या मापांकडे पाहू. दिवस-रात्र मिळून आठ प्रहर किंवा साठ घटका. म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची आणि दोन घटकांचा एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. एका घटकेत साठ पळे, म्हणजे एक पळ चोवीस सेकंदांचे. पाण्याच्या गंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नघरी हे घटिकापात्र असे. ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारातले औट म्हणजे साडेतीन. साडेतीन घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे.

आजी जेव्हा ‘पळभर थांब’ म्हणे तेव्हा ते अर्ध्या मिनिटाचे काम असे, आणि ‘घटकाभर बस’ म्हणे तेव्हा चहा-पोहे होऊन चार गोष्टी बोलून होतील एवढा अवकाश असे. मापे जुनी, पण लहान थांबणे आणि मोठे थांबणे यांत गल्लत नव्हती. आजचे ‘टू मिनिट्स’ कधी पळभर असते, कधी घटकाभर, तर कधी चांगले औट घटकांचे.

आम्ही ‘मिनिट’ हा शब्द टाकून द्या असे मुळीच म्हणत नाही. मिनिट, सेकंद, स्टेशन, तिकीट हे शब्द आता आपले झाले आहेत. पाच मिनिटे लागणार असतील तर ‘पाच मिनिटे लागतील’ म्हणावे. तेही चांगले मराठी वाक्य आहे. अट एकच, पाच म्हणजे पाच.

शुद्धीचा हट्ट नव्हे

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाषेत परका शब्द आला म्हणजे भाषा बाटली, असे आमचे मत नाही. उशीर हा शब्द संस्कृतातल्या ‘उत्सूर’ म्हणजे सूर्य मावळल्यानंतरची वेळ या शब्दाशी जोडला जातो. पण त्याच घरातली दिरंगाई फारसीतून आली. ‘जरा थांबा’ मधला ‘जरा’ मुळात अरबी, अर्थ कण. मुदत आणि वायदा हेही बाहेरचेच. फलाटावर गैरसोयीबद्दल जी ‘दिलगिरी’ व्यक्त होते, तीही फारसी. हे शब्द आले आणि मराठीच्या भरण्यात भर पडली. दिरंगाई आली म्हणून उशीर गेला नाही. दोघांनी कामे वाटून घेतली.

‘लेट’चे तसे झाले नाही. तो रेल्वेबरोबर, कचेरीबरोबर आणि शाळेच्या हजेरीपटाबरोबर आला. ‘गाडी लेट’, ‘लेट मार्क’, ‘लेट फी’ इथपर्यंत त्याचे ठरलेले काम होते आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. आमच्या भागाचे आणि रेल्वेचे नाते जुने. सातपुड्यातून जाणारी छोटी लाइन विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. तिच्या गाड्या किती वेळ कुठे थांबतील याचा नेम नसे. बालाघाट-जबलपूर भागातली ती लाइन २०१५ मध्ये बंद होऊन पुढे मोठी लाइन आली. ‘गाडी आउटरला उभी आहे’, ‘क्रॉसिंगला थांबली आहे’, ‘राइट टाइम आहे’ ही त्या फलाटांवरची बोली. त्यात खोटे काही नाही, कारण आउटर आणि क्रॉसिंग या खऱ्या जागा आणि खरी कारणे आहेत. तक्रार आहे ती फलाटावरचा ‘लेट’ स्वयंपाकघरात येऊन बसला, याची.

आणखी एक. दोष इंग्रजी भाषेचाही नाही. इंग्रजी समृद्ध भाषा आहे. तिच्यातही टाळाटाळीला, रेंगाळण्याला, खोळंब्याला निरनिराळे शब्द आहेत. ते शिकायला मेहनत लागते. आपण तिच्या अंगणातून चार सुटी नाणी उचलून आणली आणि त्यांवर संसार चालवू पाहतो. मराठी गमावली आणि इंग्रजीही कमावली नाही, अशी ही अवस्था आहे. ‘लेट झालो’ म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजीत उशिराचे कारण चार ओळींत लिहायला सांगा, म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीती येईल.

सीमेवर याचे मोल अधिक का?

मुंबई-पुण्यात चार शब्द गेले तरी भाषेला पाठीशी सरकार आहे, शाळा आहेत, रंगभूमी आहे. बालाघाटची गोष्ट निराळी. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग मिळून हा जिल्हा झाला. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. सून तिरोड्याची, लेक कटंगीला दिलेली, मामा आमगावचा. घरात कुठे मराठी, कुठे पवारी, कुठे मरारी, कुठे गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी.

त्याच १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी कराव्यात, असे ते सांगते. त्यासाठी अर्ज-विनंत्या चालू आहेत आणि चालू राहतील. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचाही आनंद आहे. पण शाळा मिळेपर्यंत भाषा कुठे राहणार? ती घरातच राहणार. आणि घरात ती निबंधात नसते, ‘आलोच’, ‘बसा जी’, ‘जरा दम धर’, ‘एवढ्यात होईल’ या वाक्यांत असते. हीच वाक्ये ‘लेट’, ‘वेट’ आणि ‘टू मिनिट्स’ने बदलली, तर उद्या शाळा मिळाली तरी तिच्यात येणारे मूल मराठी परकी भाषा म्हणूनच शिकेल.

कागदावरचा उशीर

शब्दाचा नेमकेपणा हा नुसता आवडीचा प्रश्न नाही, हे पाहायचे तर कचेरीत जावे. दाखल्यासाठी गेलेल्या माणसाला ‘अंडर प्रोसेस आहे’, ‘पेंडिंग आहे’ असे उत्तर मिळते. तो मान हलवून परततो. ‘पडून आहे’ असे म्हटले असते तर ‘कुणाकडे पडून आहे?’ हा प्रश्न आपोआप आला असता. इंग्रजी शब्दाने त्या प्रश्नावर पांघरूण घातले.

महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांचा आणि विलंबाला आळा घालण्याचा एक कायदा केला. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे त्यात आहे. त्याचे नाव लांबलचक. पण लोकांनी त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ असे नाव दिले आणि ते चालले, कारण दिरंगाई हा शब्द ऐकताच दोष कुणाचा ते समजते. आमच्या मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. ठरलेल्या मुदतीत सेवा न दिल्यास दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. म्हणजे उशीर ‘झाला’ की ‘केला’ हा व्याकरणाचा भेद कायद्यालाही करावा लागतो. ‘पेंडिंग’ ऐकून परतणाऱ्या माणसाने ‘मुदत कधीची होती?’ एवढे एक वाक्य विचारले, तरी त्याच्या पदरात काही पडेल.

आमची विनंती

आक्षेप घेणारे म्हणतात, ‘सॉरी’ हलकेफुलके आहे, ‘क्षमा करा’ फार जड वाटते. बरोबर आहे. दहा मिनिटांसाठी कुणी क्षमायाचना करू नये. पण हलकी मराठी वाक्ये आहेत की. ‘तुम्हाला थांबावे लागले.’ ‘राग मानू नका जी.’ ‘निघायलाच उशीर केला आम्ही.’ यांत एकही जड शब्द नाही आणि समोरच्याचे मन मात्र हलके होते.

म्हणून आमच्या समितीत आम्ही मांडतो ते इथेही मांडतो. घरातल्या मोठ्यांनी लहानांशी बोलताना उशिराचे कारण पूर्ण वाक्यात सांगावे आणि त्यांच्याकडूनही पूर्ण वाक्य घ्यावे. निरोप पाठवताना ‘ऑन द वे’ ऐवजी कुठवर आलो ते गावाच्या नावासह लिहावे. अक्षरे फार तर दोन जास्त लागतील. मंडळांनी निमंत्रणपत्रिकेवर ‘सायंकाळी ६ शार्प’ छापू नये, ‘ठीक ६ वाजता’ छापावे आणि ठीक ६ वाजता दीपप्रज्वलन करावे, मग समोर चार माणसे असोत की चाळीस. कार्यक्रम लांबला तर ध्वनिक्षेपकावरून किती लांबला आणि कशाने, हे सांगावे. शिक्षकांनी झाला, केला आणि लावला ही तीन वाक्ये प्रत्येक वर्गात एकदा तरी फळ्यावर लिहावीत. पवारी, मरारी बोलणाऱ्या घरांनी आपापल्या बोलीतले उशिराचे आणि थांबण्याचे शब्द वहीत उतरून ठेवावेत. ते जाणणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे, आणि या कामात चालढकल परवडणारी नाही.

या कशालाही अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही, कुणाच्या सहीसाठी तिष्ठावे लागत नाही. मराठीच्या पुष्कळ मागण्या दुसऱ्यांच्या दारी खोळंबल्या आहेत. ही एक गोष्ट मात्र आपल्या जिभेवर आहे. तिला तरी आपण उशीर लावू नये.